महेबूबभाईंचं झपाट्याचं वाचन

भद्रकालीतल्या विडीच्या कारखान्यात महेबूबभाईंशी कुणी वाद घालत नसे. राग कायम नाकावर. पण अख्ख्या कारखान्यात वाचता येणारे तेवढे एकच, म्हणून सगळे सोसून घेत. मुकादम घरी जेवायला गेला की भाई हातातलं काम टाकून वर्तमानपत्र काढत आणि बाकीचे विड्या वळता वळता ऐकत. मालकाला वर्तमानपत्राचं वावडं होतं. त्यामुळे मुकादमाच्या वहाणा वाजायच्या आत शेवटचं पान संपायला हवं.

भाईंची रीत ठरलेली होती. दोन ओळी दिसतील एवढी खाच पाडलेला पुठ्ठा ते कागदावरून खाली सरकवत. तोंड वरच्या ओळीवर, डोळे खालच्या. नजर भरकटायचं नावच नाही. आणि सुरुवात करण्याआधी दोन्ही डोळे कसून चोळत. चांगलं झोंबून पाणी आलं की नजर साफ होते, असं ते सगळ्यांना बजावत.

हबशी लोकांच्या देशात लढाई पेटली त्या वर्षी अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली. भाई भडकले. आधी छापणाऱ्यांच्या पाणचट शाईवर, मग उजेड न देणाऱ्या खिडकीवर, मग चष्मा घ्या म्हणणाऱ्या रियाजवर, म्हणजे पोटच्या मुलावर. दिसेना तसे डोळे आणखी जोरात चोळू लागले. वाचन गेलं तर आपल्याला इथं कोण विचारणार, ही धास्ती त्या रागाच्या पोटात होती. पण ती कबूल करतील तर ते महेबूबभाई कसले!

एका दुपारी लढाईची बातमी रंगात आली होती. शेजारी बसणाऱ्या कुसाबाईनं मांडीवरचं तंबाखूचं सूप खाली ठेवलं.

"भाई, पुठ्ठा कवाचा एकाच जागी हाय. मनचंच सांगताय ना?"

सगळ्यांचे हात थांबले. भाईंनी वर्तमानपत्र भिरकावून दिलं.

"डोळे गेले माझे. झालं समाधान?"

"गेले नाय, तुमी घालवले. सकाळभर तंबाखूत हात, अन् त्याच हातानं डोळे चोळायचे. पहिल्या दिवशीच्या पोरीला बी ठाव असतं ते."

"मग इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का?"

"बोलले होते की. तवा तुमी माझं सूप उधळलं होतं."

भाईंना जमिनीवर सांडलेली ती तंबाखू आठवली, आणि ती निमूट गोळा करणारी कुसाबाईही. ते उठून रांजणापाशी गेले, हात धुतले, पुन्हा धुतले. राग तसाच होता. तो काढायला मात्र आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.