एकतीस जणींचा कागद

थोरा हेडमान शिडीवर चढून स्टुडिओच्या काचेच्या छपरावरचं बर्फ झाडायला लागली, की खालून जाणारा कुणीतरी ओरडायचाच, "थोराबाई, पडाल हो!"

"पडले तर तुमचं हे थोबाड कोण टिपणार?" ती वरूनच उत्तर द्यायची.

उत्तर स्वीडनमधल्या त्या गावात हिवाळ्यात उजेड दुपारी दोनपर्यंतच. छप्पर साफ नसलं की धंदा बसला! करवतगिरणीतल्या मजुराची ही पोर. पंधराव्या वर्षी दुसऱ्याकडे फोटोच्या काचा धुवायला लागली आणि तिशीत स्वतःचा स्टुडिओ थाटून बसली. लग्नाच्या भानगडीत पडली नाही.

तेव्हा फोटो काचेवर उतरायचा, अन् काचेच्या कडेला गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं. पहिल्याच वर्षी थोरानं घोडचूक केली. एका काचेवर नुसतं 'डॉक्टरीणबाई' लिहिलं. पुढं डॉक्टरांनी बायकोचा मोठा फोटो मागवला, तर हिनं धाडला वारलेल्या पहिल्या बायकोचा! नव्या डॉक्टरीणबाई तो उघडून मटकन खालीच बसल्या. तेव्हापासून बाई कितीही बड्या घरची असो, थोरा विचारायचीच, "नवऱ्याचा हुद्दा कळला. तुमचं नाव काय?" बायका चिडायच्या, पण सांगायच्या.

१९१४च्या जानेवारीत बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून देशभर सह्या गोळा होत होत्या. गावातला अर्ज थोराकडे होता. गिरणीतल्या बायकांनी पटापट सह्या केल्या. बड्या घरच्या एकतीस जणींचा कागद शेवटी आला, आणि तो बघून थोराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अध्यक्षीणबाई, पोस्टमास्तरीणबाई, औषधवाल्यांची मंडळी... नाव एकीचंही नाही!

नगराध्यक्षांनी तर भर चौकात टोमणा मारला, "हा आम्हा एकतीस पुरुषांचाच अर्ज दिसतोय!" लोक खो खो हसले.

अर्ज बुधवारी दोनच्या गाडीनं जायचा होता. बुधवारीच सकाळी नगराध्यक्षांच्या घरी अध्यक्षीणबाईंकडे सगळ्याजणी कॉफीला जमायच्या. थोरा बर्फानं माखलेल्या बुटांनिशी तशीच दिवाणखान्यात शिरली आणि कोरा कागद टेबलावर आपटला.

"नावं लिहा. नाहीतर तुमच्या एकतीस सह्या चुलीत गेल्या म्हणून समजा."

नगराध्यक्ष दारातच उभे होते. "अहो थोराबाई, कॉफी तरी पिऊ द्या त्यांना!"

कुणी हलेना. अध्यक्षीणबाईंनी लिहिलं नाही तर दुसरी कुणी लिहिणार नाही, हे थोराला ठाऊक होतं. तिनं लेखणी सरळ त्यांच्यापुढं धरली.

अध्यक्षीणबाईंनी लेखणी घेतली, पण हात थांबला. "इश्श, सत्तावीस वर्षांत स्वतःचं नाव लिहिलंच नाही गं."

"आई काय म्हणून हाक मारायची?" थोरानं विचारलं.

"सिग्ने." त्या एकदम लाजल्या. मग खाली वाकून त्यांनी सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं, माहेरच्या आडनावासकट.

"अगं, हे काय चाललंय?" नगराध्यक्ष म्हणाले.

"थांबा जरा, शाई वाळू द्या," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

मग लेखणीसाठी नुसती ओढाओढ! एकतिसावी सही झाली तेव्हा नगराध्यक्षांनी कागद उचलून वाचायला घेतला. वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही राग्नहिल्ड कोण?"

"मी!" पोस्टमास्तरीणबाई कडाडल्या. "वीस वर्षं तुमच्याशी पत्ते खेळतेय मेली, अजून नाव माहीत नाही?"

दिवाणखाना हसण्यानं दणाणला. नगराध्यक्षांचं तोंड बघण्यासारखं झालं.

"आता यातला एक तरी पुरुष दाखवा मला," थोरा म्हणाली. त्यांनी कागद परत केला.

ती स्टेशनाकडे पळत सुटली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, अन् हसूही आवरत नव्हतं. गाडीची शिट्टी झाली तेव्हा कागद डब्यात पोचला होता.

मत प्रत्यक्ष टाकायला पुढं सात वर्षं लागली. पण थोरा म्हातारपणीसुद्धा सांगायची, "छे, मी जिंकले ती त्या बुधवारीच!"