अक्का आणि ओहायोची कंपनी

अक्का कोणाच्याही घरी गेली की चप्पल काढण्याआधी विचारायची, "मागचं दार कुठे आहे?" थिएटरात ती दाराजवळचीच खुर्ची घ्यायची, लग्नात मांडवाच्या कडेला बसायची, आणि स्टोव्ह पेटवताना ओला टॉवेल हाताशी ठेवायची. ती अप्पांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या; पण सगळं घर तिला अक्काच म्हणे. तिच्या भित्रेपणावर बंगळूरच्या चिकपेटेतल्या आमच्या गोतावळ्यात विनोद चालत. साठच्या दशकात तिथे वकिलीचा काळा कोट घालणाऱ्या बायका मोजक्याच होत्या, त्यांतली ती एक. कंपनी-कायद्याचं काम निघालं की हसणारेच तिच्याकडे येत. ती म्हणायची, "धीट वकिलाकडे जाऊ नका. तो तुमच्या जिवावर धीट असतो."

अप्पांचे रेशमाचे हातमाग होते आणि माल पाठवण्याचं काम मी बघायचे. माझा भाऊ दिनूअण्णा ओहायोत इंजिनियर होता. आपले रेशमी रुमाल तिथे विकायचे असं त्याने ठरवलं. तिकडे बायका ते डोक्याला बांधत. त्याला अप्पांबरोबर भागीदारी हवी होती. आमच्यात धंदा असाच चाले: बापाचं नाव, पुढे मुलाचं, आणि विषय संपला.

अक्काने ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. भागीदारीत एकाच्या चुकीला दुसऱ्याचं घरदार जातं, हे तिने अप्पांना समजावलं; धाकट्या भावाला ती कानडीत तम्मा म्हणे. कॉर्पोरेशन, म्हणजे नोंदलेली कंपनी, काढलं तर जाईल ते कंपनीचं जाईल. "कंपनी म्हणजे निराळा माणूस समज, तम्मा. तिला तिचं जेवू दे. तिच्या ताटात हात घालू नका आणि आपल्या ताटातलं तिला वाढू नका."

"पोटच्या पोराशी धंदा करायला मध्ये निराळा माणूस कशाला?" अप्पा म्हणाले. आपलं नाव वगळलं, हे त्यांना फार लागलं होतं.

मग कंपनी अमेरिकेतल्या कुठल्या राज्यात नोंदायची हा प्रश्न आला. दिनूअण्णाचे मित्र त्याला डेलावेअरचं नाव सुचवत होते; मोठमोठ्या कंपन्या म्हणे तिथेच नोंदतात. अक्का ऑफिसातली अमेरिकन कायद्याची जाडजूड पुस्तकं घरी आणून वाचत बसली. दुकान ओहायोत, गिऱ्हाईक ओहायोत. मग डेलावेअरला नोंदलं तरी ओहायोत पुन्हा परवाना काढावा लागणारच. तिने निकाल दिला: "दोन राज्यं म्हणजे दोन कड्या. एक लावायची राहणारच. राहतोस तिथेच नोंद."

कंपनी ओहायोत नोंदली गेली. त्यानंतर अक्काने दिनूअण्णाचा पिच्छा सोडला नाही. बँकेचं खातं वेगळं आहे ना, बिल कंपनीच्याच नावाने फाडतोस ना, सही करताना खाली हुद्दा लिहितोस ना, हे ती प्रत्येक पत्रात विचारी. अप्पा मला म्हणत, "तुझी अक्का देवळात गेली तर देवालाही हुद्दा विचारेल."

सगळं तिच्या मनासारखं झालं, एक गोष्ट सोडून. दिनूअण्णाने खोक्यांवर अप्पांचं नाव छापलं होतं, 'आणि मुलगा' असं जोडून. बापाचं नाव न घालता माल विकायचा, हे त्याला जमेना. त्याने पाठवलेलं एक खोकं अप्पांनी देवघरात नेऊन ठेवलं. अक्काने पाहिलं आणि खोक्यावरचं नाव भिंतीकडे करून ठेवलं.

दीडेक वर्षाने एका मुलीच्या डोक्याला बांधलेल्या रुमालावर ठिणगी पडली. पातळ रेशीम भुर्रकन पेटलं. विझवताना तिचा हात आणि मान भाजली. दावा तिघांवर आला: कंपनीवर, दिनूअण्णावर आणि अप्पांवर. खोक्यावरच 'बाप आणि मुलगा' लिहिलंय, म्हणजे ही मुळात भागीदारीच, असं तिकडच्या वकिलांचं म्हणणं होतं.

त्या दिवसांत माग चालूच होते. अप्पा रिकाम्या हाताने मागांमधून फिरत, एखाद्या मागावर हात ठेवून उभे राहत. एकदा त्यांनी अक्काला विचारलं, "ते लोक इथपर्यंत येतील का?"

"मला माहीत नाही," अक्का म्हणाली. "म्हणून मी आज इथेच जेवणार आहे." त्यानंतर ती रोज आमच्याकडेच जेवू लागली. घास हातात धरून दोघं बहीणभाऊ बसून राहत.

शेवटी तडजोड झाली. प्रत्येक बिल, प्रत्येक सही कंपनीची होती. त्यापुढे खोक्यावरचं नाव टिकलं नाही. कंपनीजवळ होतं नव्हतं ते त्या मुलीला गेलं आणि कंपनी बंद झाली. दिनूअण्णाचं घर वाचलं, आमचे माग वाचले. अप्पांनी पेढे आणवले.

अक्काने पेढा घेतला नाही. "कंपनीत असं होतंच किती?" ती म्हणाली. "त्या पोरीच्या हाताचं काय?" आमच्यापैकी कोणीच तोवर ते विचारलं नव्हतं.

तिने मला ट्रंक कॉल लावायला सांगितला. फोनवर मोठ्याने बोलायचीसुद्धा तिला भीती वाटे, पण त्या दिवशी ती ओरडून बोलली. "दिनू, वकील म्हणून सांगते, त्या पोरीच्या दारात पाऊल टाकू नकोस. काही बोललास तर ते पुन्हा तुझ्यावर उलटू शकतं. आणि आत्या म्हणून सांगते, जा." मग रिसीव्हर माझ्या हातात देऊन ती दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसली.

दिनूअण्णा गेला. मुलीच्या आईने दार उघडलं, पण त्याला आत घेतलं नाही. मुलगी मागे उभी होती, लांब बाह्यांचा स्वेटर घालून. माफी मागून तो पायरीवर थांबला, आणि दार लागल्यावर परतला. हे सगळं त्याने कळवलं. अक्काने ऐकून घेतलं आणि ती कानडीत एवढंच म्हणाली, "सरी." म्हणजे, ठीक.

त्यानंतर पुन्हा नोटीस येईल या धास्तीने ती टपालाच्या वेळी आमच्याकडे येऊन बसू लागली. टपाल मी घेई. अमेरिकेचं काही नाही, असं सांगितलं की ती पाणी पिऊन उठे. एका सकाळी टपालवाला येऊन गेला तरी ती आली नव्हती. अमेरिकेचं काही नव्हतं. तेवढं सांगायला मी तिच्या घराकडे निघाले, आणि वाटेतच तिच्या शेजारच्या काकूंनी मला गाठून अक्का गेल्याचं सांगितलं.