चांगुणाबाई तिसऱ्या मजल्यावर जाते

चांगुणाबाई कशालाही भीत नसे. पारनेर तालुक्यातल्या तिच्या गावात बालवाडीच्या पडवीत नाग निघाला, तेव्हा मास्तरीण खुर्चीवर चढली आणि मदतनीस चांगुणाबाईने त्याच्यावर खिचडीचं पातेलं पालथं घालून वर पाटा ठेवला. गावात दारूचं दुकान टाकणाऱ्याला तिने सगळ्या बायका घेऊन एस.टी.त बसवून दिलं होतं, तिकीटही काढून दिलं. नवरा बन्सी गेला तेव्हा भीमराज शाळेत होता. तिने त्याला शिकवलं, बँकेत चिकटवलं, माधुरीसारखी गुणी सून आणली.

पण उंचीचं नाव काढलं की तिचे पाय गळत. लहानपणी ती चिंचेच्या झाडावर चढली होती आणि उतरायला जमेना म्हणून अर्धा दिवस फांदीला मिठी मारून बसली होती. बापाने दोरी लावून उतरवलं. तेव्हापासून शिडी नको, माळा नको. बन्सीने घर बांधलं तेव्हा तिने गच्चीला जिनाच काढू दिला नाही. "वर कोन हाय आपलं?" असं म्हणाली.

आणि भीमराजने सत्त्याण्णव साली नगरला सावेडीत फ्लॅट घेतला तो तिसऱ्या मजल्यावर.

गृहप्रवेशाच्या दिवशी चांगुणाबाई नवं लुगडं नेसून आली, पाच पायऱ्या चढली, कठड्यातून खाली बघितलं आणि उलट्या पावली परत आली. भीमराजने हात धरला, पाहुण्यांनी आग्रह केला. बाई हलली नाही. वर बुद्धवंदना झाली ती तिने खाली स्कूटरींच्या मध्ये हात जोडून, मोठ्या आवाजात म्हटली. मग भाजीसाठी घेतलेल्या पिशवीला दोरी बांधून माधुरीने वरून पुऱ्या, भाजी आणि खिरीचा डबा सोडला. खीर थोडी वॉचमनच्या टोपीवर सांडली.

तळमजल्यावर खुर्शीदबी राहायची. तिचा नवरा रशीद कापडबाजारात दुकानात होता, मुलगा फैयाज पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत. गृहप्रवेशाचा तमाशा तिने खिडकीतून पाहिला आणि बाहेर येऊन म्हणाली, "चांगुणाबाई, पार्किंगमध्ये काय जेवता? आत या. माझं घर जमिनीवरच आहे." त्या दिवसापासून दोघींचं असं जमलं, की चांगुणाबाई नगरला आली की मुक्काम खुर्शीदबीकडे आणि सुनेशी बोलणं गॅलरीखाली उभं राहून.

पुढच्या वर्षी माधुरीला दिवस गेले. डॉक्टरांनी जिन्याची चढ-उतर बंद करायला सांगितली. आता माधुरीला खाली येता येईना आणि सासूला वर जाता येईना. मग काय, सगळा संवाद वरून खाली, खालून वर, आणि सगळी बिल्डिंग श्रोते.

"माधुरे! पाय सुजलेत का गं?"

"थोडे सुजलेत, आई!"

"मीठ कमी कर! आन पोट साफ हुतंय का?"

माधुरी लाजून आत पळायची. समोरच्या बंगल्यातले रिटायर्ड साहेब पेपर तोंडावर धरायचे. पण अंधार पडला की चांगुणाबाईचा चेहरा उतरायचा. एकदा ती खुर्शीदबीला म्हणाली, "नातवंड हुईल, आन मी त्याला पिशवीतून खाली मागवू का?"

त्याच सुमारास फैयाज रजेवर आला. येताना टॅक्सी करून आला, कारण बरोबर कॉम्प्युटर होता आणि एका खोक्यात एक विचित्र टोप. मोटरसायकलवाले घालतात तसा, पण पुढून बंद, आणि मागून निघालेली जाडजूड वायर. सावेडीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये प्रदर्शन होतं, तिथे त्याला हे दाखवायचं होतं.

"ह्यात काय हाय रे?" चांगुणाबाईने विचारलं.

"काकू, ह्यात दोन छोटे टीव्ही आहेत, एकेका डोळ्यापुढे एक. मान वळवाल तिकडचं दिसतं. बसायचं इथे, पण वाटतं आपण तिथे आहोत."

"तिथं म्हंजी कुठं?"

"मी बनवलेल्या गावात."

त्याने टोप तिच्या डोक्यावर बसवला, मागचा पट्टा आवळला. आधी काळोख, मग एकदम हिरवं. चांगुणाबाईने मान वळवली, तर गावही वळलं! एका बाजूला निळं तळं, दुसऱ्या बाजूला समोशासारखे टोकदार डोंगर. झाडं पाहून ती म्हणाली, "पोरा, ही झाडं हायती का खोकी? पानं कुठं हायती?"

"एकेक पान रंगवायला घेतलं तर कॉम्प्युटर दमतो, काकू."

ती हसली. आणि हसता हसता फैयाजने तिला न विचारता एक बटण दाबलं. गाव खाली गेलं. ती एका मनोऱ्याच्या सज्ज्यावर होती आणि कठड्यापलीकडे काही नव्हतं.

"आयोऽऽऽ!" चांगुणाबाई मटकन खाली बसली. हाताला लागला तो खुर्शीदबीचा पाय, तो तिने असा धरला की खुर्शीदबीही ओरडली. "फैयाज, उतरव मेल्या तिला!"

फैयाज घाबरून टोप काढायला धावला. पण चांगुणाबाईने त्याचा हात धरला. तिच्या पायाच्या बोटांना काहीतरी लागलं होतं. चटई. चटईखाली गार फरशी. डोळे म्हणत होते पडशील, आणि पाय म्हणत होते कुठं पडतेस, खुर्शीदच्या खोलीत तर बसलीयस.

"थांब," ती म्हणाली. "आरं थांब की. जिमीन हाय खाली." तिने बोटांनी चटई चाचपली. काळीज धडधडत होतं, पण तोंडावर हसू फुटत होतं. "लबाड हाय रं हे!"

दुसऱ्या दिवशी फैयाजचा चहा व्हायच्या आत ती स्वतःच खुर्चीत जाऊन बसली. "घाल डोक्यावर."

त्या रजेत फैयाजला आराम मिळाला नाही. चांगुणाबाई टोपातल्या मनोऱ्याच्या पहिल्या मजल्यावर जायची, घाम फुटायचा, कठडा सोडून उभी राहायची, घाम ओसरला की म्हणायची, "आता आनखी एक मजला चढव." कधी मळमळायचं. मग टोप काढून लिंबूपाणी, आणि पुन्हा टोप. शेवटी मनोऱ्याचे मजले संपले, तेव्हा फैयाज म्हणाला, "आता एकच राहिलंय, काकू. उडायचं."

"उडीव."

ती उडाली. तळ्यावरून, खोक्यांच्या आमराईवरून, समोशांच्या शेंड्यांवरून. दोन्ही हात पसरून ती खोलीत गरगर फिरत होती, फैयाज वायर सांभाळत तिच्यामागे धावत होता. खुर्शीदबी चहा घेऊन आली, तर उडत्या चांगुणाबाईचा डावा हात ट्रेवर बसला. कपबश्या सोफ्याखाली गेल्या. खिडकीत शेजारणी दाटल्या होत्या, हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "बाजूला व्हा गं!" चांगुणाबाई ओरडत होती. "मी उतरायलीय! कुनाच्या डोक्यावं पडंन!"

टोप काढला तरी ती हसतच होती. मग पदराने तोंड पुसून उभी राहिली. "चल खुर्शीद. वर जाऊ."

फैयाज गंभीर झाला. "काकू, ते खोटं होतं. जिना खरा आहे. उपयोग होईल का, मला खरंच माहीत नाही."

"मलाबी न्हाई ठावं. बगू की."

पहिल्या मजल्यावर जुनी भीती आली. चांगुणाबाईने चपला काढून काखेत मारल्या आणि अनवाणी पायांची बोटं पायरीवर दाबली. पायरी जागची हलली नाही. खुर्शीदबी मागून धापा टाकत म्हणत होती, "थांब गं बाई, उंचीने नाही, तुझ्या घाईने मरेन मी."

माधुरीने दार उघडलं. सासू दारात अनवाणी उभी होती, घामाने निथळलेली, लालबुंद. "दाखीव पाय," चांगुणाबाई म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यावर बसून तिने सुनेचे सुजलेले पाय मांडीवर घेतले. माधुरी रडायला लागली, मग हसायला लागली, मग दोन्ही एकदम.

संध्याकाळी भीमराज बँकेतून आला. नेहमीप्रमाणे स्कूटर लावून खुर्शीदबीच्या दारात डोकावला. आई नव्हती. तो घाबरला. "काकू, आई कुठे गेली?" आत कुणीच नव्हतं.

"भीमाऽऽ!"

त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"आरं वर! भीमा, तुला टक्कल पडलंय की रं! खालून कधी दिसलं न्हाई मला!"

भीमराजने वर पाहिलं. गॅलरीच्या कठड्यावर कोपरं टेकून आई उभी होती. त्याच्या हातातला टिफिन पडला, आणि तो लहान पोरासारखा दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर धावला.

माधुरीला मुलगी झाली, अश्विनी. आजीने तिला गच्चीवर नेऊन उन्हात तेल लावलं. त्यानंतर चांगुणाबाईला आवरणं कठीण होऊन बसलं. जत्रेत आकाशपाळण्यात ती इतक्यांदा बसली, की पाळणेवाल्यानेच हात जोडले. एका रविवारी ती सगळ्यांना नगरजवळच्या डोंगरावर, चांदबिबीच्या महालावर घेऊन गेली. वरच्या कमानीत वारा असा सुटला होता, की तिचा पदर सरळ उभा राहिला. खाली सगळं नगर पसरलं होतं.

"खुर्शीद, ती बघ आपली बिल्डिंग!"

"ती नाही गं, ती पाण्याची टाकी आहे."

"टाकी? मग फैयाजला इचार, टाकीवर चढू देत्यात का!"

भीमराज भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून बसला होता. "आई, चल ना आता खाली," तो म्हणाला.

"जरा दम धर," चांगुणाबाई म्हणाली आणि पुढच्या कमानीकडे निघाली.