शेठचं बक्षीस आणि माझी ढेरी

वजन कमी करायच्या योजनेत माझं वजन सहा किलोनं वाढलं.

योजना आमच्या शेठची. मोताळ्यात त्यांची जिनिंग आहे, तिथं शेतकऱ्यांचा कापूस काट्यावर मोजून घेणं हे माझं काम. पुण्याच्या कुठल्याशा शिबिरात शेठना कामगारांच्या आरोग्याचा साक्षात्कार झाला. दिवसभर गाठी ढकलणाऱ्या हमालांना त्यांनी आल्या आल्या व्यायामाचं महत्त्व सांगितलं! (पगारवाढीचं महत्त्व तिथं शिकवत नसावेत.) मग म्हणाले, "सोमवारी सगळ्यायचं वजन करू, होळीले पुन्हा करू. ज्याचं जास्त उतरंल, त्याले रोख बक्षीस."

रक्कम ऐकून माझ्या बायकोनं, सुनंदानं, त्याच संध्याकाळी फ्रिजचा रंग ठरवला. लग्नापासून ती फ्रिज मागत होती आणि मी लग्नापासून 'पुढच्या दिवाळीला' म्हणत होतो.

"आजपासून माझं जेवण अर्धं," मी म्हणालो.

"येडे झाले का? सोमवारी जितके जास्त भराल, तितकं मंग उतरंल. खा मुकाट्यानं."

खाल्लं. तुपात बुडवलेले रोडगे, वर वांग्याची भाजी. सोमवारी निघताना दोन तांबे पाणी. (कापसाला पाणी मारून आणणाऱ्यांना रोज हाकलणारा तो मीच!) पण वजन करणारा डॉक्टर आलाच नाही. वजन पुढच्या सोमवारी.

"आता वं?" मी घरी येऊन विचारलं.

"आता काय? खाऊन राह्यले तसेच खाऊन राहा."

डॉक्टर तिसऱ्या सोमवारी उगवला. रांगेवर नजर टाकली, तर सगळी जिनिंग फुगली होती! घरोघरी एकेक सुनंदा होती.

पुढं उतरवायचं होतं. पण चटावलेली जीभ ऐकते का? त्यात हुरडा आला, संक्रांत आली. होळीला काट्यावर चढलो, तर मी आणखी वर. सगळ्यांची तीच गत. उतरला एकटा वॉचमन गजानन, तोही टायफाईडनं! शेठनी त्याला हार घातला, बक्षीस दिलं आणि "याचा आदर्श घ्या" म्हणून आम्हाला झापलं. आदर्शाला उभं राहवेना, म्हणून खुर्ची आणावी लागली.

घरी येऊन सगळं सांगितलं.

"तुमाले तर वेळेवर साधा टायफाईड बी होत नाही," सुनंदा म्हणाली.

मी शरमेनं मान खाली घातली, तर पायाचे अंगठे दिसेनात.