नववीचा जपान

"हे काय, कुणाचा दहावा मांडलाय व्हय?"

गणपतराव वर्गाच्या दारातच थबकले. मागून येणारे पालक त्यांच्यावर आदळले. आत सतरंजीवर ओळीने पत्रावळी मांडल्या होत्या. प्रत्येकीवर दोन पांढरेशुभ्र भाताचे गोळे आणि वर चिमूटभर काळे तीळ. मी त्यांच्या नजरेने पत्रावळीकडे पाहिलं. अगं बाई, हे तर पिंड दिसताहेत!

आता जपान मुळशीत कसा आला ते सांगते. एकोणीसशे साठच्या आगेमागे मी पौडजवळच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायला नवीनच लागले होते. आमचे हेडमास्तर भारी हौशी. आपल्या पोरांना तालुक्यापलीकडचं जग परकं वाटता कामा नये, हा त्यांचा ध्यास. सरकारी सिलॅबस सांभाळून त्यांनी आठवड्याला एक जादा पिरियड काढला होता, 'जगाची ओळख'. प्रत्येक वर्गाने वर्षभर एक देश घ्यायचा. तिथला पाऊस, शेती, शाळा, माणसं समजून घ्यायची. शेवटी पालकांना बोलावून देश-दिवस करायचा आणि त्या देशाचं जेवण करायचं.

नववीने जपान घेतला. तेव्हा जपानी पद्धतीच्या भातशेतीचा सरकारी प्रचार जोरात होता, त्यामुळे पोरांना नाव ठाऊक होतं. हेडमास्तरांनी एका मासिकातलं चित्र आणलं. मुठीत दाबलेला भात, पोटात खारवलेलं फळ, वर काळे तीळ. जपानी माणसाची शिदोरी. पोरांनी घरचा आंबेमोहोर आणला, गोळे अगदी चित्रातल्यासारखे वळले. आम्ही सगळे खूश!

आणि नेमके गणपतराव पहिले आले. कासार आंबोलीचे बागाईतदार, शब्दाचे पक्के. त्यांची सखू म्हणजे नववीतली एकुलती एक मुलगी. जूनमध्येच त्यांनी मला बजावलं होतं, "बाई, पोर धाडतुया. पन काय वंगाळ दिसलं की शाळा बंद." सखू गेली असती तर आठवीतल्या दोघीही तिच्यामागून गेल्या असत्या. मग आमच्या शाळेत मुली उरल्याच नसत्या.

"गणपतराव, हे जपानमधलं जेवण आहे," मी म्हटलं.

"जपानात काय का असंना! जित्या पोरांफुडं पिंड? सखे, दप्तर उचल. घरला चल."

तेवढ्यात खिडकीत कावळा येऊन बसला. मेल्याला तेव्हाच मुहूर्त सापडला! काव काव करून त्याने वर्ग डोक्यावर घेतला. मागचा एक म्हातारा हात जोडू लागला. हेडमास्तर टोपी काढत होते, घालत होते. माझ्या कानात पुटपुटले, "बाई, उद्यापासून जपान बंद." मला रडूच फुटायचं बाकी होतं.

सखूने दप्तर उचललं नाही. तिने पत्रावळीवरचा गोळा उचलला आणि बापासमोर फोडला. आतून लालभडक फोड डोकावली.

"आबा, पिंडाला मीठ घालत्यात का?"

"न्हाई."

"ह्यात हाय. आन् पिंडात कैरीचं लोणचं कधी बगितलंय?"

एवढं बोलून तिने निम्मा गोळा तोंडात टाकला. गणपतराव पोरीकडे बघत राहिले. मग उरलेला निम्मा त्यांनी तिच्या हातातून घेतला, तीळ बोटाने झटकले, आणि खाल्ला. चावता चावता त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

"आरं, ह्ये तर आमच्या बरणीतलं लोणचं हाय!"

"आयनंच दिलं," सखू म्हणाली.

"म्हंजी घरात समद्यांला ठावं, निस्तं मलाच न्हाई!"

मागचा म्हातारा खो खो हसला, मग सगळेच हसले. माझ्या जिवात जीव आला. गणपतराव मांडी घालून पहिल्या पत्रावळीपुढे बसले. "तीळ तेवढं काडा," म्हणाले, "बाकी जपान चांगला हाय." एक गोळा त्यांनी खिडकीतल्या कावळ्यालाही टाकला. त्याने तो लोणच्यासकट फस्त केला.

सखू पुढे मॅट्रिक झाली. जपान बंद पडला नाही, बाकीचे देशही चालू राहिले. फक्त हेडमास्तरांनी एक नियम केला. कुठल्याही देशाचं जेवण ठरलं की नमुन्याचं ताट आधी कासार आंबोलीला गणपतरावांकडे जायचं. ते खाऊन बघायचे, मान हलवायचे, आणि मगच तो देश आमच्या शाळेत यायचा.