जाळी कुणी काढली

कर्नाटकातल्या न्यायालयांत साक्ष कशी नोंदवावी, याचे नियम एकत्र करायला एक समिती नेमली होती. बनशंकरीच्या वकील संयोगिता शिंदे त्या समितीत होत्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलं; घरात मराठी, बाहेर कन्नड.

पूर्वी साक्ष दिलेल्या लोकांचे अनुभव ऐकायला समिती बेंगळुरूजवळच्या आनेकलला गेली. कारखान्यात काम करणारी ठकुबाई उभी राहिली. ती निपाणीकडची, कन्नड तोडकंमोडकं.

"अक्का, मी मराठीत बोलते. तुम्ही यांना सांगा."

"सरी, सांगते," म्हणत संयोगिता एकेक वाक्य कन्नडमध्ये सांगू लागल्या.

"आमच्या कारखान्यातल्या नागराजची बोटं यंत्रात गेली. कोर्टात मी म्हटलं, यंत्रावरची बचावाची जाळी आधीच काढलेली होती. तिथल्या दुभाष्यानं कन्नडमध्ये सांगितलं, जाळी नागराजनं काढली. तेच लिहिलं गेलं. त्याचा भरपाईचा दावा बुडाला."

तो खटला संयोगितांना आठवला. कारखान्याच्या वकील त्याच होत्या.

"मला ते नंतर कळलं," ठकुबाई पुढे म्हणाली. "पण तिथं एक वकीलबाई होत्या. चेहरा आता आठवत नाही, पण बाहेर त्यांना फोनवर मराठीत बोलताना मी ऐकलं होतं. त्यांना तर चूक तेव्हाच कळली असेल. तरी गप्प बसल्या."

संयोगितांनी तेही कन्नडमध्ये सांगितलं. टेबलाकडे बघतच त्या म्हणाल्या, "ती वकील मी."

मग ठकुबाईला मराठीत सांगितलं.

"मग तेव्हा का नाही बोललात, अक्का?"

"चूक आमच्या फायद्याची होती."

अध्यक्ष होते एक निवृत्त न्यायाधीश. त्यांनी चहासाठी कामकाज थांबवलं. संयोगितांशेजारी कुणी बसलं नाही.

साक्षीदाराचे मूळ शब्द ध्वनिमुद्रित करावेत आणि भाषांतरातली चूक ज्या वकिलाला कळेल त्यानं ती तिथल्या तिथे सांगावी, असा नियम मसुद्यात घालायचं ठरलं. तो लिहायला संयोगितांनी नकार दिला. "दुसऱ्या कुणीतरी लिहा. माझ्या हातून तो शोभणार नाही."

संयोगिता नागराजकडे गेल्या. दारातच सगळं सांगितलं. त्यानं आत बोलावलं नाही.

"हे कोर्टात सांगाल?"

"सांगेन. शपथेवर."

त्यांनी तसं प्रतिज्ञापत्र दिलं. कारखान्यानं त्यांच्याकडची सगळी कामं काढून घेतली. नागराजच्या नव्या वकिलानं दावा पुन्हा उघडण्याचा अर्ज केला आहे. निकाल लागलेला नाही. सुनावणीला संयोगिता जातात, मागच्या बाकावर बसतात. ठकुबाई येते तेव्हा उठून नमस्कार करतात. ती कधी मान हलवते, कधी नाही.