लोखंडाला काय आठवायचंय

उदगीर स्टेशनात गाडीला उशीर होता, म्हणून अण्णांनी माझी ट्रंक दोरीने पुन्हा एकदा आवळली. मोंढ्यात धान्याची अडत करणारा माणूस. गाठ मनासारखी बसेपर्यंत त्यांना चैन नसे. राज्य अजून निजामाचं होतं आणि त्याच सरकारच्या वजिफ्यावर, म्हणजे शिष्यवृत्तीवर, मी पोलाद शिकायला शेफील्डला निघालो होतो. गाडी हलली तसे अण्णा म्हणाले, "जाय बाबा. पर जसा चाललास तसाच वापस ये." आईला काळजी शेंगदाण्याच्या चटणीची, सांडायची तर नाही ना.

तुम्ही जे उदगिरात राहिलात आणि जे माझ्यासारखे पांगलात, ते सगळे विचारता, तू तिथे नेमकं करतोस काय? आईनेही निघण्याआधी हेच विचारलं होतं. हैदराबादच्या कॉलेजात मी सारं विज्ञान उर्दूतून शिकलेला, तिला मराठीत सांगायला शब्दच सापडेनात. शेवटी म्हटलं, लोखंडाला काय आठवतं ते शोधणार. "लोखंडाला काय आठवायचंय, मेल्या!" म्हणून ती पोट धरून हसली.

पण आठवतं. लोखंडाभोवती तारेचं वेटोळं घालून वीज सोडली की त्याचं चुंबक होतं. वीज बंद केली तरी सगळं चुंबकत्व जात नाही, थोडं उरतंच. यालाच आम्ही हिस्टेरेसिस म्हणतो. माझ्या पोलादात दोन तऱ्हेचे कण होते: मऊ, जे लगेच पूर्ववत होत, आणि हट्टी, जे धरलेलं सोडत नसत. दोघांचे आलेख वेगवेगळे काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि मिश्र पोलाद कसं वागेल ते आधीच सांगायचं, हे माझं काम. बेरीज आणि खरं पोलाद काही केल्या जुळेना. प्रोफेसर म्हणाले, शेजारी शेजाऱ्याला ओढतो, ते तू हिशेबात धरलंच नाहीस.

त्याच दिवसांत घरची पत्रं थांबली. रझाकारांच्या धास्तीने लोक गावं सोडून सरहद्दीपार चालले आहेत, एवढं वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात वाचलं. आई-अण्णा आहेत की नाहीत, हे कळायला मार्ग नव्हता. आणि मी काय करत होतो? वेटोळ्यातली वीज कमी-जास्त करत होतो. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती. फार उशिरा सरहद्दीपलीकडच्या बार्शीहून पत्र आलं, दोघं तिथे एका खोलीत सुखरूप होते.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. आई लगेच उदगीरला परतली, चूल पेटवली, शेजारणीशी भांडलीसुद्धा. अण्णा मात्र बार्शीतच राहिले. "आता तिथं कशाचं भ्या हाय?" आई विचारायची. "कशाचंच न्हाई," अण्णा म्हणायचे आणि जागचे हलायचे नाहीत. मग तीच अधूनमधून बार्शीला जायची, आणि तिथे गेली की तीही त्यांच्यासारखी भर दुपारी कडी लावून बसायची.

लोखंडात उरलेलं चुंबकत्व घालवता येतं. वीज उलटसुलट फिरवत हळूहळू कमी करत न्यायची, झालं. हे मी डोळे मिटून करतो. अण्णांपुढे माझी सगळी विद्या पालथ्या घड्यावर पाणी.

सुट्टीवर आलो तेव्हा हातापाया पडून त्यांना उदगीरला आणलं. गल्लीत शिरेपर्यंत बरे होते. घराचं दार उघडंच होतं. अण्णा पायरीखाली थांबले, टोपी नीट केली आणि परक्या माणसासारखी हाक दिली, "कुणी हाय का घरात?"

आई ज्वारी पाखडत होती. सूप तसंच हातात घेऊन दारात आली. तिने अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सामान घेऊन मी मागे उभा होतो.

"हाव," ती म्हणाली. "या ना. बसा."

अण्णा सतरंजीच्या कडेला टेकले. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी पिऊन त्यांनी भिंतींवरून नजर फिरवली आणि तिला म्हणाले, "चांगलं ठेवलंय घर तुमी."

संध्याकाळच्या मोटारीने मी त्यांना बार्शीला परत नेलं. थांबा, असं आईही म्हणाली नाही.

आता घर म्हणजे काय, असं कुणी मला विचारलं तर मी एवढंच सांगतो: जिथे दारातून न विचारता आत शिरता येतं, ते. अण्णांना तसं एकही दार उरलं नाही, आणि मी अजून उदगिरात हाक न मारता आत जातो, याचीच मला दर वेळी लाज वाटते.